शिकाऊ वैमानिकांचं क्रॉस-कंट्री उड्डाण: खानदेशातून उडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि शिरपूर या तीन ठिकाणांमुळे खानदेशातली बरीच मुलं-मुली घराजवळच विमान उडवायला शिकतात. सर्किट आणि पहिला सोलो (एकट्याने उड्डाण) झाला की क्रॉस-कंट्रीची वेळ येते आणि प्रश्नांची रांग लागते. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. अंतरं विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेली, पूर्णांकात आणि अंदाजे आहेत. उड्डाणासाठी तुमच्या नकाशावर ती स्वतः मोजा.

क्रॉस-कंट्री म्हणजे नेमकं काय?

आधी आखलेल्या मार्गाने, नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांच्या आधारे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणं. दिसणाऱ्या धावपट्टीभोवती घिरट्या मारणं म्हणजे सर्किट. धावपट्टी मागे दिसेनाशी झाली आणि पुढची अजून दिसत नाही, त्या मधल्या वेळेसाठी हे सगळं शिक्षण आहे.

एसपीएल (विद्यार्थी परवाना) हातात आलं. आता एकट्याने क्रॉस-कंट्रीला जाता येईल का?

लगेच नाही. विद्यार्थी परवान्यावर क्रॉस-कंट्री करण्याआधी किमान १० तास सोलो उड्डाण झालेलं असावं लागतं. एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र या विषयांच्या परीक्षाही झालेल्या असाव्या लागतात. उड्डाण इन्स्ट्रक्टरच्या अधिकारात आणि देखरेखीखाली, फक्त व्हीएफआरमध्ये, म्हणजे बाहेर बघून आणि चांगल्या हवेत करायचं असतं. सोबत प्रवासी, जनावर किंवा माल नेता येत नाही. मामाच्या मुलाला शेजारी बसवून शेत दाखवून आणायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका.

शिवाय त्या मार्गावर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर ड्युअल उड्डाण होतं. सोलोच्या दिवशी इन्स्ट्रक्टर तुमचा नेव्हलॉग (मार्ग आणि वेळा मांडलेला तक्ता), हवामान आणि इंधनाचा हिशोब बघून सही करतात. ती सही नसेल तर विमानाकडे जायचंच नाही.

पीपीएल आणि सीपीएलला किती क्रॉस-कंट्री लागते?

पीपीएलला (खासगी वैमानिक परवान्याला) एकूण किमान ४० तास उड्डाण लागतं आणि त्यातले २० सोलो असतात. त्यात ५ तास सोलो क्रॉस-कंट्री हवी आणि तिच्यात किमान १५० नॉटिकल मैलांचं (सुमारे २७८ किलोमीटर) एक उड्डाण हवं. या उड्डाणात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लँडिंग करायचं असतं.

सीपीएलला (व्यावसायिक वैमानिक परवान्याला) एकूण २०० तास लागतात आणि त्यातले १०० पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख वैमानिक) म्हणून. या शंभरात २० तास क्रॉस-कंट्री असते. तिच्यातलं एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं (सुमारे ५५६ किलोमीटर) असावं लागतं आणि इथेही दोन वेगवेगळ्या विमानतळांवर फुल स्टॉप लागतात.

त्याशिवाय सीपीएलसाठी क्रॉस-कंट्रीच्या दोन चाचण्या असतात. दिवसाची चाचणी किमान २५० नॉटिकल मैलांची असते आणि तिच्यात निघालेल्या विमानतळाखेरीज दुसरीकडे किमान एक फुल स्टॉप करावा लागतो. रात्रीची किमान १२० नॉटिकल मैलांची असते आणि तिच्यात दुसरीकडे न उतरता निघालेल्या जागी परत यायचं असतं. अर्ज करताना या चाचण्या ताज्या असाव्या लागतात, म्हणून त्या फार आधी उरकून ठेवण्यात अर्थ नाही.

फुल स्टॉप म्हणजे टच-अँड-गो चालेल का?

नाही. विमान उतरून थांबलं पाहिजे. धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा वर गेलात तर ते लँडिंग या अटीत धरलं जात नाही. पुढे कागदपत्र तपासणीत ही गोष्ट निघाली की अख्खं उड्डाण पुन्हा करावं लागतं. दोन्ही फुल स्टॉप निघालेल्या विमानतळाखेरीज दुसरीकडे करा, म्हणजे अर्थाचा वादच उरत नाही.

खानदेशातून कोणता मार्ग कोणत्या अटीत बसतो?

सरळ रेषेतली अंतरं नॉटिकल मैलांत अशी: जळगाव ते धुळे (गोंदूर) ५०, जळगाव ते शिरपूर ४३, जळगाव ते छत्रपती संभाजीनगर (चिकलठाणा) ६७, चिकलठाणा ते धुळे ७५, जळगाव ते अकोला ८२, अकोला ते चिकलठाणा १०६, जळगाव ते इंदूर १०६, इंदूर ते चिकलठाणा १७३.

पीपीएलच्या १५० मैलांसाठी जळगाव–चिकलठाणा–धुळे–जळगाव हा त्रिकोण सोयीचा आहे. तो १९२ मैल भरतो, दोन्ही फुल स्टॉप होतात आणि अजिंठ्याचे डोंगर, पठार आणि तापीचं खोरं अशी तीन प्रकारची जमीन एकाच दिवशी खालून जाते.

३०० मैलांसाठी जळगाव–इंदूर–चिकलठाणा–जळगाव ३४६ भरतो. इंदूर ते चिकलठाणा हा मधला लांब टप्पा जळगावच्या जवळून जातो. म्हणजे उड्डाणाच्या ऐन मध्यावर घरचं विमानतळ हाताशी असतं. पहिल्या मोठ्या सोलोसाठी ही जमेची बाजू आहे.

२५० च्या चाचणीला जळगाव–इंदूर–जळगाव अपुरा पडतो, कारण तो २१२ च भरतो. जळगाव–अकोला–चिकलठाणा–जळगाव २५५ च्या घरात जातो, पण इथे काठावरचा हिशोब आहे. प्रकाशित अक्षांश-रेखांशांवरून टप्पे मोजून बेरीज लेखी ठेवा. चार-पाच मैलांचा फरक नकाशावरच्या जाड पेन्सिलीत सहज वाहून जातो.

रात्रीच्या १२० ला जळगाव–धुळे–जळगाव १०० भरतं, म्हणून पुरत नाही. जळगावहून चिकलठाण्याच्या डोक्यावरून परत येणं १३४ भरतं.

नकाशावर अंतर मोजताना कुठे चुकतं?

सर्वांत जास्त चूक पूर्व-पश्चिम टप्प्यांत होते. एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल हे फक्त उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रेषेवर, म्हणजे अक्षांशाच्या मापावर खरं असतं. नकाशाच्या खालच्या कडेवरचं रेखांशाचं माप घेतलंत तर आपल्या २१ अंश उत्तरेला एका मिनिटात ०.९३ मैलच असतो. जळगाव–धुळे त्या मापाने ५३ मैल येतं, प्रत्यक्षात ते ५० आहे. तीन मैल म्हणजे ताशी नव्वद मैलांच्या वेगाने दोन मिनिटं. धुळे दोन मिनिटं आधीच आलं म्हणून गोंधळून चुकीच्या गावाकडे वळणारे विद्यार्थी याच चुकीचे बळी असतात.

चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांच्यातला कोन) आपल्या भागात एका अंशाच्या आत आहे. पण तो छोटा म्हणून विमानातल्या होकायंत्राचं डेव्हिएशन कार्डही (त्या होकायंत्राची चूक सांगणारा तक्ता) वाचायचं सोडून दिलं जातं, आणि तिथे कधी कधी दोन-तीन अंश निघतात.

वाऱ्याचा हिशोब खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

जळगाव–धुळे टप्पाच घ्या. ट्रॅक, म्हणजे जमिनीवरून जायची दिशा, जवळजवळ २७० अंश, सेस्ना १५२ या प्रशिक्षण विमानाचा खरा वेग ९५ नॉट (ताशी ९५ नॉटिकल मैल), वारा ३१० अंशांवरून २० नॉट. आडवा वारा साधारण १३ नॉट, म्हणून नाक उजवीकडे ८ अंश, म्हणजे हेडिंग (नाकाची दिशा) २७८. समोरून येणारा वारा १५ नॉट, म्हणून जमिनीवरचा वेग ७९ आणि वेळ ३८ मिनिटं. परतताना तोच वारा मागून आला की वेग १०९ आणि वेळ २७-२८ मिनिटं. शांत हवेत दोन्ही बाजूंना ३२ मिनिटं लागली असती.

हेडिंग २७० च धरलंत तर ३८ मिनिटांत तुम्ही धुळ्याच्या आठ मैल दक्षिणेला असाल. धुक्यासारख्या धुळीत आठ मैलांवरची धावपट्टी दिसत नाही.

ट्रॅकवरून सरकलो हे कसं ओळखायचं आणि परत कसं यायचं?

याच टप्प्याचं उदाहरण घेऊ. जळगावहून सुमारे १७ मैलांवर एरंडोल तुमच्या डावीकडे, साधारण दोन मैलांवर दिसायला हवं. खाली वाकून बघितल्यावर एरंडोल थेट चाकाखाली असेल तर तुम्ही दोन मैल डावीकडे आला आहात.

साठास एकचा नियम लावा. सरकलेलं अंतर गुणिले साठ भागिले आलेलं अंतर: २ × ६० ÷ १७, म्हणजे ७ अंशांची चूक. हेडिंग ७ अंश उजवीकडे केलंत तर तुम्ही ट्रॅकला समांतर जाल, धुळ्याला पोहोचणार नाही. उरलेल्या ३३ मैलांत ते दोन मैल भरून काढायचे म्हणून आणखी २ × ६० ÷ ३३, म्हणजे जवळपास ४ अंश. एकूण ११ अंश उजवीकडे.

मग पुढची खूण तपासा. ३० मैलांच्या आसपास डावीकडे पारोळा आणि उजवीकडे अमळनेर, दोन्ही गावं पाचेक मैलांवर, आणि तुम्ही मधोमध. हे चित्र जुळलं तर सुधारणा बरोबर होती. एकच खूण बघून हेडिंग पुन्हा पुन्हा बदलू नका. एक सुधारणा करा, पुढच्या खुणेपर्यंत धरा, मग बघा.

खानदेशात वरून ओळखायच्या भरवशाच्या खुणा कोणत्या?

पहिली भरवशाची खूण तापी. पण एक गोष्ट मनात पक्की हवी: नकाशावर नद्या निळ्या असतात, मार्च ते जूनमध्ये खाली निळं जवळजवळ काहीच नसतं. गिरणा, बोरी, पांझरा यांची पात्रं तेव्हा पांढरट वाळूचे पट्टे असतात. विद्यार्थी निळी रेघ शोधत राहतो आणि नदी ओलांडून गेल्याचं त्याला कळतही नाही. पाणी हमखास दिसतं ते हतनूरच्या धरणात आणि सारंगखेडा-प्रकाशाच्या बॅरेजमागे. तापी पश्चिमेकडे वाहते, आणि गिरणा, बोरी, पांझरा दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात. हे लक्षात असेल तर कोरडं पात्रसुद्धा दिशा सांगतं.

रेल्वे फार उपयोगी आहे, पण फसवतेही. जळगावहून पश्चिमेकडे दोन मार्ग फुटतात. एक धरणगाव, अमळनेर, नंदुरबारवरून सुरतेला जातो, दुसरा पाचोरा, चाळीसगाववरून मुंबईकडे. धुळ्याला जाताना यातला कोणताही मार्ग पकडून गेलात तर धुळे चुकतं, कारण धुळ्याचा फाटा चाळीसगावहून येतो. त्याऐवजी एरंडोल-पारोळ्यावरून जाणारा महामार्ग डाव्या हाताला ठेवा, तो धुळ्यातच नेतो. पूर्वेला भुसावळ जंक्शनचं मोठं यार्ड आणि दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या खूप लांबून दिसतात. पश्चिमेला साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या ही खूणही आहे आणि अडथळाही, म्हणून तिकडे उंची सोडायची नाही.

शेतं खूण म्हणून वापरू नका. रावेर-यावलची केळी हिरवीगार दिसते हे खरं, पण पीक बदललं, कापणी झाली की खूण गेली.

मार्गात किती उंची ठेवायची?

ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांतला सर्वांत उंच अडथळा शोधा आणि त्यावर किमान १,००० फूट धरा. डोंगरांवर आणखी वाढवा. उत्तरेला सातपुडा आहे: तोरणमाळचं पठार ३,७०० फुटांच्या वर आणि अस्तंभा शिखर ४,३०० फुटांच्या वर. नैऋत्येला बागलाणातलं साल्हेर ५,१४१ फूट. खोऱ्यात सपाटीवर उडायची सवय झालेल्या डोळ्याला हे डोंगर लांबून बुटके वाटतात.

३,००० फुटांच्या वर व्हीएफआरला पूर्वेकडच्या ट्रॅकवर (००० ते १७९) विषम हजार अधिक ५००, पश्चिमेकडच्या ट्रॅकवर सम हजार अधिक ५००. म्हणजे धुळ्याला जाताना ४,५००, परतताना ३,५०० किंवा ५,५००.

डोंगररांग ओलांडताना तिला काटकोनात भिडू नका. साधारण ४५ अंशांनी जवळ जा, म्हणजे हवा खाली ओढायला लागली तर अर्ध्या वळणात मागे फिरता येतं. रांगेच्या ज्या बाजूला वारा उतरतो त्या बाजूला खालचा प्रवाह असतो. दुपारी तो हलक्या विमानाच्या चढण्याच्या ताकदीपेक्षा जास्त असू शकतो.

चिकलठाण्याला सगळे सर्किटमध्ये खाली का येतात?

कारण घरच्या विमानतळाची उंची डोक्यात बसलेली असते. जळगावची धावपट्टी आठशे फुटांच्या आसपास आहे, तिथे सर्किट अठराशेवर. चिकलठाणा १,९११ फुटांवर आहे. तिथे १,००० फुटांचं सर्किट म्हणजे अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) २,९०० च्या आसपास. सवयीने अठराशेवर उतरायला लागलात तर ती उंची जमिनीच्याही खाली आहे! इंदूरही १,८५० च्या आसपास आहे. नेव्हलॉगच्या वरच्या ओळीत प्रत्येक विमानतळाची उंची आणि सर्किटची उंची मोठ्या आकड्यांत लिहा, आणि उतरण्याआधी तिथला क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब) लावा.

उन्हाळ्यात विमान चढत नाही असं वाटतं. खरंच तसं असतं का?

हो, आणि आकड्यात मांडता येतं. धावपट्टी ८०० फुटांवर, हवेचा दाब प्रमाणित, तापमान ४३ अंश. त्या उंचीवर प्रमाणित तापमान साडेतेरा अंशांच्या आत असायला हवं. फरक जवळपास ३० अंश. दर अंशाला १२० फूट धरले तर साडेतीन हजार फूट वाढतात. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही सुमारे ४,३०० फुटांवरच्या धावपट्टीवरून उडताय. इंजिनाची ताकद कमी, प्रोपेलरची पकड कमी, पंखांची उचल मिळवायला जमिनीवरचा वेग जास्त लागतो. विमानाच्या पुस्तकातल्या तक्त्यात तेच तापमान आणि उंची टाकून धावण्याचं अंतर काढा.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे आपल्याला नवीन नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये क्रॉस-कंट्री पहाटेच निघते आणि शक्यतो अकराच्या आत चाकं जमिनीवर असतात. दोघं बसलेल्या, टाक्या भरलेल्या १५२ मध्ये दुपारी दोनला निघणं हा वाईट निर्णय आहे, मग वेळापत्रक काहीही म्हणो.

वर्षातला कोणता काळ चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहाटे नदीकाठी धुरकट असतं, पण नऊ-साडेनऊपर्यंत बहुधा निवळतं. मार्चनंतर दुपारी उकळी फुटल्यासारखी हवा हलते. मे आणि जूनच्या सुरुवातीला वळवाचे ढग दुपारनंतर अर्ध्या तासात उभे राहतात आणि त्यांच्यापुढे धुळीची भिंत चालत येते. केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ तेच. त्याच्याशी स्पर्धा करून उतरायचा प्रयत्न करायचा नाही, दूर जायचं. पावसाळ्यात सलग दिवस मिळत नाहीत, म्हणून ३०० मैलांचं उड्डाण आणि चाचण्या जूनआधी किंवा ऑक्टोबरनंतर आखा.

व्हीएफआरसाठी १०,००० फुटांखाली ५ किलोमीटर दृश्यता, ढगांपासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर लागतं. हे कायद्याचं किमान आहे. पहिल्या सोलो क्रॉस-कंट्रीला पाच किलोमीटर दृश्यतेत जाऊ नका. तेवढ्यात पुढची खूण दीड-दोन मिनिटं आधीच दिसते.

दमट हवेत, कमी ताकदीवर खाली येताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. बाहेर २५ अंश असतानाही. आरपीएम हळूहळू उतरायला लागले तर आधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) पूर्ण ओढा. सुरुवातीला इंजिन आणखी खडखडेल, तेव्हा घाबरून परत ढकलू नका.

इंधन किती घ्यायचं?

सेस्ना १५२ च्या साध्या टाकीत वापरण्याजोगं इंधन साडेचोवीस गॅलन, म्हणजे सुमारे ९३ लिटर. क्रूझला तासाला साधारण २३ लिटर लागतं. १९२ मैलांचा त्रिकोण ९० नॉटने २ तास ८ मिनिटं, म्हणजे ४९ लिटर. तीन वेळा सुरू करणं, टॅक्सी आणि चढणं यांचे १२. पाऊण तासाचा राखीव साठा १७. बेरीज ७८. हातात १५ लिटर उरतात. हे जमतं.

३४६ मैलांना हाच हिशोब लावा: ८८ अधिक १२ अधिक १७, म्हणजे ११७. टाकी ९३ ची. मध्ये इंधन भरल्याशिवाय हे उड्डाण १५२ मध्ये होणारच नाही.

इथेच मोठी अडचण येते. जिथे प्रवासी विमानं उतरतात तिथे एटीएफ (जेट विमानांचं इंधन) असतं, आपल्याला लागतं ते एव्हगॅस १००एलएल (पिस्टन इंजिनाचं विमान-पेट्रोल), आणि ते सगळीकडे नसतं. निघण्याआधी फोन करून खात्री करा. भरताना स्वतः उभे राहा: एव्हगॅस निळं असतं, एटीएफ पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर. भरल्यावर प्रत्येक टाकीच्या तळातून नमुना काढून रंग आणि पाणी बघा. पिस्टन इंजिनात एटीएफ गेलं तर नळ्यांमध्ये उरलेल्या चांगल्या इंधनावर विमान उडतं आणि थोड्या उंचीवर इंजिन बंद पडतं.

राखीव साठ्याचं किमान दिवसा ३० मिनिटं, रात्री ४५. दिवसाही ४५ धरा. आणि गेजवर भरवसा ठेवू नका, दांडीने मोजा.

फ्लाइट प्लॅन, एफआयसी, एडीसी यांचा क्रम कसा?

आदल्या दिवशी दुसऱ्या विमानतळांना कळवून उतरण्याची परवानगी आणि त्यांच्या कामाच्या वेळा घ्या. सकाळी नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि भारतीय हवामान विभागाची विमान हवामान माहिती बघा. मग फ्लाइट प्लॅन, निघण्याच्या किमान तासभर आधी. त्यानंतर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर आणि एडीसी, म्हणजे हवाई संरक्षण परवानगीचा नंबर मिळतो. खानदेश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात येतो. दोन्ही नंबर नेव्हलॉगवर लिहा, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) विचारतं.

फ्लाइट प्लॅनमधली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. सकाळी साडेसात म्हणजे ०२००. साडेपाच तास वजा करायचे राहिले की प्लॅन दुपारचा होतो आणि सगळी साखळी तुटते. निघायला उशीर झाला तर प्लॅन आणि एडीसी अजून चालतात का हे विचारूनच इंजिन सुरू करा. प्रत्येक टप्प्याला हे वेगळं करावं लागतं, म्हणून मधल्या थांब्याला तास-दीड तास सहज जातो. तो वेळ आखणीत धरा, नाहीतर शेवटचा टप्पा सूर्यास्ताला भिडतो.

सोबत काय ठेवायचं?

परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र, रेडिओ परवाना, ओळखपत्र, लॉगबुक, विमानाची कागदपत्रं. चॉक आणि बांधायचे दोर. दोन पेन्सिली, साधं मनगटी घड्याळ, टॉर्च, पाण्याच्या दोन बाटल्या. उतरण्याच्या शुल्कासाठी पैसे. फोनवरचं जीपीएस बंद पडलं तरी उड्डाण पूर्ण होईल अशी कागदी तयारी हवी. चाचणीत परीक्षक तेच बघतात.

रेडिओवर बोलायला जीभ अडखळते. काय करावं?

घरी अहिराणी आणि वर्गात मराठी बोलणाऱ्या मुलांना हे हमखास होतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. रेडिओची भाषा ठरलेल्या वाक्यांची आहे, गप्पांची नाही. क्रम पाठ करा: कुणाला, तुमचा कॉल साइन, जागा, वेळ, उंची, पुढची जागा आणि तिथे पोहोचायची वेळ. प्रत्येक टप्प्याची ही वाक्यं नेव्हलॉगच्या मागे लिहून ठेवा आणि खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणा. एटीसीचं कळलं नाही तर पुन्हा सांगायला सांगा. न समजता 'रॉजर' म्हणणं धोक्याचं आहे.

जिथे टॉवर नाही तिथे दहा मैलांपासून आपली जागा आणि इरादा सांगत राहा, आणि बाहेर बघत राहा. प्रशिक्षणाची तीन-चार विमानं एकाच वेळी त्याच सर्किटमध्ये असू शकतात.

रस्ता चुकलो तर?

आधी वेळ लिहा. हेडिंग स्थिर ठेवा, गोल गोल फिरू नका. ढगांपासून अंतर राखून थोडं वर चढा, त्याने दिसतंही जास्त आणि रेडिओही लांब जातो. मिक्सचर (इंधन आणि हवेचं प्रमाण) नीट करून इंधन वाचवा. मग एटीसीला सरळ सांगा की जागा नक्की नाही. हे सांगायला लाजू नका. लपवून वीस मिनिटं भटकलेल्या विद्यार्थ्याकडे शेवटी सांगण्यासारखं इंधनही उरत नाही.

स्वतः शोधताना घड्याळावरून सुरुवात करा: शेवटची खात्रीची खूण, त्यानंतरची मिनिटं, तेवढ्यात झालेले मैल. मग जमिनीवर जे दिसतं ते नकाशावर शोधू नका, नकाशावर जे असायला हवं ते जमिनीवर शोधा. जळगाव-धुळे पट्ट्यात पूर्ण हरवलात तर उत्तरेला वळा. तापी आडवी येतेच, आणि तिच्या पलीकडे सातपुड्याची भिंत. तापी मिळाली की पूल किंवा बॅरेज शोधून जागा पक्की करा.

कुणी उत्तर देत नसेल तर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५. आणीबाणीत ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) कोड ७७००, रेडिओ गेला तर ७६००.

मध्येच परत फिरलो तर तास वाया जातात का?

उड्डाणाचे तास लॉगमध्ये जातातच. अंतराची अट पूर्ण होत नाही, ती पुन्हा करावी लागते. बहुतेक चुकीचे निर्णय याच भीतीतून होतात: २०० मैल झालेत, आता शंभरच उरले, समोर काळं दिसतंय पण जाऊ. म्हणून परतीची जागा आणि वेळ जमिनीवरच ठरवून लिहा. उदाहरणार्थ, 'इंदूर सोडल्यावर ३० मिनिटांत सातपुड्याचा माथा स्पष्ट दिसला नाही तर मागे.' वर गेल्यावर फक्त ते वाचायचं.

लॉगबुकमध्ये काय चुका होतात?

ड्युअल क्रॉस-कंट्री सोलोच्या रकान्यात जाते. मधले थांबे न लिहिता फक्त 'जळगाव–जळगाव' लिहिलं जातं, मग फुल स्टॉपचा पुरावा राहत नाही. वेळ धावपट्टीवरून उडाल्यापासून मोजली जाते, खरं तर उड्डाणासाठी विमान पहिल्यांदा हललं तिथपासून शेवटी थांबेपर्यंत मोजायची असते. लॉगबुक, विमानाचं जर्नी लॉग आणि ईजीसीएवर (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर) भरलेले आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. त्याच संध्याकाळी लिहा आणि इन्स्ट्रक्टरची सही त्याच आठवड्यात घ्या.

रात्रीच्या क्रॉस-कंट्रीत वेगळं काय?

जळगाव सोडून दक्षिणेला गेलात की अजिंठ्याच्या डोंगरांवर दिवे विरळ होतात आणि क्षितिज हरवतं. तिथे बाहेर बघून विमान सरळ ठेवता येत नाही, यंत्रांवर ठेवावं लागतं. म्हणून यंत्रांवरच्या उड्डाणाचा सराव आधी झालेला हवा. लांबचा एकटा दिवा तारा वाटतो आणि तारा विमान वाटतो. गावांपेक्षा महामार्गावरच्या गाड्यांची रांग ही चांगली खूण असते. दोन्ही विमानतळांचे दिवे त्या वेळी चालू असतील आणि कर्मचारी हजर असतील याची खात्री दुपारीच करून घ्या. टॉर्चचे सेल नवे टाका.